दुसऱ्या बाजूची शिंक

नाटक कंपनीत माणसाला दोन नावं मिळतात. पहिलं आईवडील ठेवतात, दुसरं कंपनी ठेवते, आणि पहिलं हळूहळू विसरलं जातं. शिंकोबांचं पहिलं नाव आता त्यांच्या बायकोलासुद्धा कुठे सही-शिक्क्याचं काम निघालं तरच आठवतं.

कंपनीत ते पडदा ओढायचे. ऐकायला काम सोपं वाटतं. एक दोर, एक माणूस, ओढ आणि सोड. पण पडदा क्षणभर आधी उघडला तर राजा मुकुट सारखा करताना सापडतो, आणि क्षणभर उशिरा पडला तर मेलेला नायक नाक खाजवतो. शेवटचं वाक्य हवेत विरू द्यायचं, टाळीची पहिली चाहूल लागली की दोर सोडायचा, हे शिकवून येत नाही. शिंकोबांच्या हातात ते होतं. कंपनीच्या मुख्य गायिकेला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. त्या बाई रंगमंचावर जाण्याआधी विंगेत डोकावून बघायच्या आणि विचारायच्या, “दोराला कोण आहे? तू आहेस ना? मग झालं तर.”

पडदा होता गडद लाल मखमलीचा, दोन माणसांच्या वजनाचा. आणि त्या पडद्यात धूळ होती. साधी नव्हे, मानाची धूळ. कंपनीचे मालक शकुन-अपशकुनाचे मोठे भोक्ते. थिएटरात कुणी शीळ घातली तर त्याला बाहेर जाऊन तीनदा दार वाजवून परत यावं लागे. प्रयोगाच्या दिवशी नवा खिळा ठोकायचा नाही. आणि नाटक चालतंय तोवर पडद्याला हात लावायचा नाही. झटकायचा नाही, झाडायचा नाही. चालत्या नाटकाचं नशीब पडद्यात साठतं, झटकलं तर उडून जातं, असं मालकांचं म्हणणं. नाटक दोन वर्षं चाललं. दोन वर्षांचं नशीब शिंकोबांच्या नाकापासून वीतभर अंतरावर लोंबत होतं.

तर ते शिंकायचे. विंगेत त्यांच्या शिंका सुरू झाल्या की नट मंडळी एकमेकांना डोळे मारायची. नाकावर फडकं बांधून ते दोर धरायचे, तरी व्हायचं ते व्हायचंच. कंपनीनं त्यांना शिंकोबा केलं ते इथंच, आणि प्रेमानंच.

मालकांना स्वतःला तपकिरीचा नाद होता. चांदीची चपटी डबी, झाकणाला कडक स्प्रिंग. चिमूट ओढली की अंगठ्यानं झाकण दाबायचं: टिक्. मालक विंगेत आले हे पावलांवरून कळायचं नाही, त्या टिक्‌वरून कळायचं. टिक् झालं की गप्पा बंद, विड्या विझवलेल्या, सगळे एकदम कामात. मालक अभिमानानं सांगायचे, “चाळीस वर्षं ओढतोय. एक शिंक नाही. मुरलेला माणूस शिंकत नाही.”

नाटकाची गाणी इतकी गाजली की एका रेकॉर्ड कंपनीनं त्यांची मोठी तबकडी काढायचं ठरवलं. सुट्टीच्या दुपारी रिकाम्या थिएटरात रेकॉर्डिंग झालं. मालकांची अट अशी, की पडदा उघडल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. रेकॉर्डिंगवाले हसले, पण पडदा प्रत्येक गाण्याआधी पडला आणि प्रत्येक गाण्याला उघडला. शिंकोबा दोराला, वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात, बाई मधोमध मायक्रोफोनपुढे, आणि मालक त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसलेले.

पंधरा दिवसांनी पहिली तबकडी आली. सगळी कंपनी मालकांच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. पहिली बाजू झाली, लोक खूश. दुसरी बाजू सुरू झाली. शेवटच्या गाण्याआधी एक छोटी शांतता आहे. वाद्यं थांबतात, बाई श्वास घेतात. त्या शांततेत शिंक आली.

मालकांनी सुई उचलली. खोलीतली सगळी तोंडं एकाच दिशेला वळली.

शिंकोबांना ती शिंक आठवत नव्हती. पण न आठवण्यात नवल काय? दिवसातून इतक्या यायच्या, कुठली कुठली लक्षात ठेवणार? त्यांनी मान खाली घातली. मालक म्हणाले, “शुभकार्यात माशी शिंकली,” आणि तबकडीचे सगळे गठ्ठे गोदामात टाकायला लावले. एकही दुकानात गेला नाही.

पुढं जे झालं ते कुठल्याही कंपनीचं होतं तेच झालं. बाईंना दुसरीकडून बोलावणं आलं, त्या गेल्या. गोदामात पाणी शिरलं, आतला माल रद्दीवाल्याकडे गेला. लोकांना गाणी लांब वाटायला लागली. वर्षाच्या आत कंपनी मिटली. पण प्रत्येक वेळी कुणी ना कुणी सुस्कारा टाकून म्हणायचं, “ती शिंक...” शेवटच्या दिवशी सामान भरताना तर कपडेवालीनं शिंकोबांना आपल्या इस्त्रीच्या टेबलाला हात लावू दिला नाही. “तू राहू दे रे,” ती म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. टेबल तिला पुढच्या नोकरीवर न्यायचं होतं.

शिंकोबांचं लग्न तेव्हा नवं होतं. ते सासऱ्यांच्या सोफे-गाद्यांच्या दुकानात बसायला लागले. दाभण, सुतळी, काथ्या, हातोडी. काम त्यांना लवकर साधलं, कारण कापड ताणायचं कधी आणि सोडायचं कधी हे हाताला ठाऊक होतं. धूळ तिथंही होती. पण सोफ्यावर शिंकल्यानं कुणाचं काही बुडत नाही.

थिएटरच्या आत मात्र त्यांनी नंतर पाऊल ठेवलं नाही. मुलाच्या शाळेत नाटुकलं होतं तेव्हा ते फाटकाशी उभे राहिले. नात नाटकात कामं करायला लागली तशी त्यांनी एक जागाच पक्की केली: थिएटरसमोरची चहाची टपरी. नातीला सोडायला यायचे, प्रयोग संपेपर्यंत टपरीवर बसायचे, न्यायला हजर. कुणी विचारलं तर म्हणायचे, “मी बाहेर आहे म्हणून आत सगळं ठीक चाललंय.”

मुलगा-सून नोकरीसाठी दुसऱ्या गावी, पण नात आजी-आजोबांकडे राहिली ती नाटकापायी. आणि मागच्या नाटकात तिची गत अशी झाली, की दुसऱ्या अंकात एका शांत जागेनंतर तिला बोलायचं होतं आणि वाक्य गेलं. नुसतं गेलं. ती उभी राहिली, प्रेक्षक खोकले, समोरच्या नटानं काहीतरी जुळवून वेळ मारून नेली. त्यानंतर बरेच महिने तिला कुणी विचारलं नाही. आता एका दिग्दर्शकानं मोठं काम दिलं होतं. शुक्रवारी पहिला प्रयोग. ह्यावेळी तिनं एकच हट्ट धरला होता.

“आजोबा, तुम्ही आत बसायचं.”

शिंकोबांच्या तोंडात बारीक खिळे होते. सोफेवाले खिळे तोंडात धरूनच काम करतात; जिभेनं एकेक पुढं सरकवायचा, हातोडीच्या टोकावर घ्यायचा आणि ठोकायचा. ह्याचा एक फायदा असा, की नको त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही.

“खिळे काढा आधी,” नात म्हणाली.

“हं.”

“गेल्या वेळी तुम्ही बाहेर होतात ना? तरी मी अडकले. मग तुमचा नियम खोटा ठरला की नाही?”

शिंकोबांनी खिळे तळहातावर काढले. ह्या प्रश्नाचा त्यांनी विचार केलेला होता. “त्या दिवशी टपरी बंद होती,” ते म्हणाले. “मी थिएटरच्या दाराला टेकून उभा होतो. फार जवळ झालं.”

“आजी!” नात ओरडली.

आजी आतल्या खोलीत उशांचे अभ्रे शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली, “पुढल्या वेळी परगावी पाठव त्यांना. नाटक वर्षभर चालेल.”

त्याच आठवड्यात एका दंतवैद्याचा सोफा दुरुस्तीला आला. दवाखान्यात लोक वाट बघत बसतात तो. हिरवं रेक्झिन फाटलेलं, मधली बैठक खचलेली. शिंकोबांनी तो उलटा केला आणि तळाचं कापड सुरीनं फाडलं. जुन्या सोफ्यांच्या पोटात काय निघेल याचा नेम नसतो. कंगवे, चाव्या, एकदा तर कवळी निघाली होती, आणि तीही दंतवैद्याच्या सोफ्यात नव्हे. पट्ट्या ढिल्या पडल्या की लोक कारागिराकडे येण्याआधी स्वतःच काहीबाही सारून बघतात: पुठ्ठा, फळी, कॅलेंडर. इथंही कुणीतरी स्प्रिंगांवर एक चौकोनी पुठ्ठा सारला होता. शिंकोबांनी तो ओढून काढला, काथ्या झटकला.

पुठ्ठ्यावर बाई होत्या.

मागं थिएटरच्या पायऱ्या, पायऱ्यांवर सगळी कंपनी. मालक मधोमध, डबीवाला हात खिशात. उजव्या टोकाला फोटो कापला होता तिथं एक खांदा, एक कान आणि अर्धी मिशी. तो खांदा शिंकोबांचा. पुठ्ठ्याच्या आत तबकडी होती.

ते तिथंच उलट्या सोफ्याच्या कडेवर बसले. किती वर्षं दाढ धरून बसलेली माणसं ह्या गाण्यांवर कण्हत असतील, असा एक विचार त्यांच्या मनात आला. मग पुठ्ठा पालथा करून त्यांनी तो काउंटरखाली सरकवला आणि वर फोमचा तुकडा टाकला.

नातीला तो संध्याकाळच्या आत सापडला. तिला कात्री हवी होती.

“ही ती? आजोबा, ही ती तबकडी आहे? आणि तुम्ही लपवून ठेवलीत?” तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “माझ्या प्रयोगाच्या आठवड्यात? चाळीस वर्षं कुठं नव्हती, आणि आत्ता? हा शकुन नाही तर काय आहे?”

“शकुनच आहे,” शिंकोबा म्हणाले. “तेच म्हणतोय मी.”

“शुभ! शुभशकुन! सोफा हिरवा होता ना? माझा दुसऱ्या अंकातला कोट हिरवा आहे. आणि एवढी माणसं बसून तडा नाही गेला! बघा ना, एक तडा नाही!”

आजी मशीनवरून उठून आली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन तिनं पुठ्ठा निरखला. “दंतवैद्याच्या सोफ्यात सापडली,” ती म्हणाली. “म्हणजे प्रयोगाला लोक दात दाखवतील. हसून की विचकून, ते तूच बघ.” मग अर्ध्या मिशीवर बोट ठेवून म्हणाली, “ही मिशी मला कधीच आवडली नव्हती.”

एकाच वस्तूवर दोन माणसं दोन टोकांचे शकुन वाचत होती, आणि दोघांनाही आपलाच खरा वाटत होता. ह्या घराण्यात शकुनाची आवड मालकांकडूनच आली असणार, पण ती नातीपर्यंत येता येता उलटी झाली होती. तिला वाईट शकुन दिसतच नसे. बस चुकली तरी पुढची बस शुभ.

शेवटी ठरलं की तबकडी ऐकायची. शेजारच्या गाळ्यात रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. त्याच्याकडे तबकड्या वाजवायचं एक जुनं यंत्र चालू स्थितीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्याला धरून चौघं त्याच्या गाळ्यात जमली. आजीला एक स्टूल मिळालं. शिंकोबा दारात उभे राहिले, एक पाय बाहेर.

रेडिओवाल्यानं तबकडी प्रकाशात तिरकी धरली. “हिला पोक आलंय काका. बसून बसून. सुई जरा होडीसारखी डोलेल, पण वाजेल.”

“आधी पहिली बाजू,” नात म्हणाली.

“दुसरीच लाव,” शिंकोबा म्हणाले. “शेवटून दुसरं गाणं संपताना. एकदाचं होऊन जाऊ दे.”

सुई टेकली. खरखर, मग बाई. एवढ्याशा गाळ्यात, सोल्डरिंगच्या वासात, उघड्या रेडिओंच्या मधे बाईंचा आवाज उभा राहिला तशी शिंकोबांच्या दोन्ही हातांची बोटं आपोआप वळली, दोर धरल्यासारखी. गाणं संपलं. वाद्यं थांबली. बाईंनी श्वास घेतला.

आणि एक शिंक. एकच. बारीक, तुटक, मांजराला ठसका लागावा तशी. लगेच बाईंचं गाणं सुरू झालं, स्वरावर, काही झालंच नाही असं.

“झालं?” नातीनं विचारलं.

“झालं,” शिंकोबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, पण भीतीनं नव्हे. चाळीस वर्षं त्यांच्या डोक्यात ती शिंक गडगडाटासारखी होती. कंपनी बुडवणारी शिंक म्हणजे निदान छप्पर तरी हलायला हवं होतं.

आजी स्टुलावर ताठ बसली होती. “परत लाव रे जरा.”

रेडिओवाल्यानं सुई मागं घेतली. गाणं, शांतता, शिंक, गाणं.

“ही यांची नाही,” आजी म्हणाली.

“काय?”

“यांची शिंक नाही ही. चाळीस वर्षं ऐकतेय मी. आधी एक लांब ‘आऽ’ लावतात, शेजारी भांडी सावरतात, मग एक येते. मग दुसरी. मग थांबतात, आपल्याला वाटतं संपलं, आणि मग तिसरी. एकदासुद्धा दोनावर थांबले नाहीत. आमच्या लग्नाचा फोटो तीन वेळा काढायला लागला. एक शिंक? एवढीशी? छे.”

“तेव्हा मी तरुण होतो,” शिंकोबा म्हणाले.

“तेव्हा चार यायच्या.”

रेडिओवाला हसला आणि हसू लपवायला यंत्रावर वाकला. “काका, शिंकेनंतर काहीतरी वाजतं. ओरखडा असेल.” त्यानं परत लावलं. “पण ओरखडा असता तर तबकडी फिरून आली की पुन्हा आवाज झाला असता. हा एकदाच होतो. ऐका.”

सगळ्यांनी ऐकलं. शिंक. आणि तिच्या पाठोपाठ, अगदी हलकं: टिक्.

शिंकोबांचा बाहेरचा पाय आत आला. पाठीचा कणा ताठ झाला, हात बाजूला गेले. नातीनं त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. हातात विडी असती तर त्यांनी विझवली असती.

“मालक,” ते म्हणाले.

मग त्यांनी डबीची गोष्ट सांगितली, तुटक तुटक, तबकडीकडे बघत. चांदीची डबी, कडक झाकण, बाईंच्या डाव्या हाताला टाकलेली खुर्ची. मुरलेला माणूस शिंकत नाही, हेही सांगितलं. रेडिओवाला म्हणाला, “म्हणजे स्वतः शिंकले आणि तुमच्यावर ढकललं? काय लबाड माणूस!”

“नाही रे,” शिंकोबा म्हणाले. “लबाड नव्हते. त्यांना खरंच माहीत नसणार. न शिंकणाऱ्या माणसाला आपली शिंक ऐकू येत नाही. आणि मी होतोच की समोर.”

नात टाळ्या वाजवत होती. “सुटलात आजोबा! आता शुक्रवारी आत!”

“बंद कर ते,” शिंकोबा रेडिओवाल्याला म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

पुढचे दोन दिवस त्यांनी कामातून डोकं वर काढलं नाही. दंतवैद्याच्या सोफ्यात त्यांनी गरजेपेक्षा जास्त काथ्या भरला, उपसला, पुन्हा भरला. ज्या माणसाच्या डोक्यावरून एवढं ओझं उतरलं त्यानं हलकं व्हायला पाहिजे. हे गृहस्थ ओझं हरवल्यासारखे चिडचिडे झाले. नातीला कळेना. ती तालमीला जायची, यायची, आणि जाता-येता त्यांच्या तोंडातले खिळे मोजायची.

आजीला कळलं होतं. गुरुवारी जेवण झाल्यावर भांडी पुसत ती म्हणाली, “काय झालंय एवढं? अपशकुनी नाही आहात म्हटलं तर माणूस पेढे वाटतो.”

“मग एवढी वर्षं मी बाहेर उभा राहिलो ते कशासाठी?”

“चहासाठी.”

“थट्टा नको करूस. पोराचं नाटक नाही पाहिलं मी. हिचं एक काम पाहिलं नाही. लहानपणी ती सशाचं काम करायची, त्याचे कान मी शिवले होते. ते कान रंगमंचावर कसे दिसले मला माहीत नाही. आणि आता म्हणतेस माझी शिंकच नव्हती.”

आजीनं ताट फडताळात ठेवलं. “एक कान लोंबत होता,” ती म्हणाली. “डावा. लोकांना तोच आवडला.”

शिंकोबांनी स्वतःचा डावा कान चोळला. मग म्हणाले, “आणि कंपनी? ती मग बुडली कशानं?”

“जशा सगळ्या बुडतात तशी. पण तुम्हाला तीही आपल्यामुळेच बुडायला हवी.” आजीनं ओलं फडकं दोरीवर टाकलं. “अहो, एका दोरवाल्याच्या नाकानं एवढी मोठी कंपनी आडवी झाली, ह्यात मानच होता की तुमचा. तो गेला म्हणून रुसलाय तुम्ही.”

शिंकोबांनी दोरीवरचं फडकं ताणून सरळ केलं. ते रागावले नाहीत, हे आजीच्या लक्षात आलं.

“ती शिंक माझी असती,” ते म्हणाले, “तर निदान तबकडीवर मी कुठंतरी होतो.”

शुक्रवारी सकाळी नातीनं तिकीट त्यांच्या खिळ्यांच्या डब्यात ठेवलं आणि ती गेली. आजी संध्याकाळी ठेवणीतली साडी नेसून वेळेआधी निघाली. “पहिल्या रांगेत दोन जागा आहेत,” ती म्हणाली. “मी पर्स ठेवते एकीवर. तुम्ही आलात तर पर्स मांडीवर घेईन.” शिंकोबांच्या तोंडात खिळे होते.

टपरी उघडी होती. ते सवयीनं बसले, चहा आला. समोर लोक आत जात होते. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. टपरीवाला म्हणाला, “आज गर्दी बरी दिसतेय.” शिंकोबा म्हणाले, “हं.” त्यांचा चहा अर्धा होता. तिसरी घंटा त्यांना रस्ता ओलांडून ऐकू आली. ती दोराला हात घालायची घंटा. कप तसाच ठेवून ते उठले.

आत अंधार झाला होता. पहिल्या रांगेपर्यंत जायचं म्हणजे सगळ्यांच्या पायांवरून जायचं. ते शेवटच्या रांगेत, दाराला लागून असलेल्या खुर्चीवर बसले. दाराला जाड मखमलीचा पडदा होता, उजेड आत येऊ नये म्हणून. तो त्यांच्या खांद्याला घासत होता. तो कितीतरी दिवसांत कुणी झटकला नव्हता.

रंगमंचावरचा पडदा उघडला. मोटरचा होता, एका चालीनं सरकला, घाई नाही, उत्सुकताही नाही. शिंकोबांनी मनातल्या मनात नापसंती नोंदवली. खालची शिवणसुद्धा वाकडी होती. मग नात आली आणि ते शिवण विसरले.

पहिला अंक बरा झाला. कुठं हशा आला, कुठं यायला हवा होता तिथं आला नाही. नातीचा आवाज सुरुवातीला वर वर चढत होता, मग खाली बसला. शिंकोबांना जाणवलं की आपण प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी मुठी आवळतोय आणि सोडतोय. मध्यंतरात ते उठले नाहीत. उठलं तर परत बसणं होणार नाही, हे त्यांना स्वतःबद्दल ठाऊक होतं.

दुसऱ्या अंकात तिचा हिरवा कोट आला. समोरच्या नटानं काहीतरी कडू बोलून पाठ फिरवली आणि रंगमंचावर शांतता झाली. ती खिडकीशी गेली. इथं तिला थांबायचं होतं, आणि मग बोलायचं होतं. मागच्या वेळी असल्याच जागी वाक्य गेलं होतं, हे प्रेक्षागृहात तीन माणसांना माहीत होतं. एक ती, एक पहिल्या रांगेत पर्सशेजारी बसलेली आजी, आणि तिसरे शिंकोबा. आणि नेमकं तेव्हाच तिसऱ्याच्या नाकात हुळहुळलं.

त्यांनी नाक चिमटीत धरलं. श्वास कोंडला. दार हाताशी होतं, पण दार उघडलं असतं तर उजेडाची पट्टी सरळ तिच्या अंगावर गेली असती. त्यांनी मखमल बाजूला सारली, त्यासरशी ती फसकन धूळ सोडून परत अंगावर आली.

“आऽ” सुरू झाला तो लांबलचक. आणि पहिली शिंक आली.

रांगाच्या रांगा वळल्या. “शूऽऽ” कुणीतरी म्हणालं. दुसरी आली, पहिलीपेक्षा मोठी. पहिल्या रांगेत एका बाईनं मागं वळूनही न पाहता शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीनं बोलायला तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं. तिची पाठ प्रेक्षकांकडे होती, त्यामुळे तिचा चेहरा कुणाला दिसला नाही. पण खांदे खाली आले, सैल झाले. तिनं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला आणि ती थांबली. लोकांना वाटलं, संपलं. सगळे पुन्हा पुढं वळले. ती तरीही थांबली. विंगेत कुणीतरी अस्वस्थ झालं असेल, कुणी वाक्याचा पहिला शब्द ओठांनी पुढं केला असेल. तिला त्याची गरज नव्हती.

तिसरी आली.

मग ती वळली आणि शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख ऐकू येईल अशा आवाजात तिनं पदरचं एक वाक्य टाकलं, “खिडकी लावून घेऊ का?”